नदीत सॅल्मनची चढण पुन्हा उभी करणे : हॅचरी, खुणा आणि मोजणी यांचा टप्प्याटप्प्याने मार्ग

समुद्रातून नदीत चढणाऱ्या सॅल्मन माशांची संख्या घटली की पहिली मागणी येते ती हॅचरीची, म्हणजे अंडी उबवून पिल्ले वाढवणाऱ्या केंद्राची. ही मागणी समजण्यासारखी आहे, कारण हॅचरी डोळ्यांना दिसते, तिचे उद्घाटन करता येते आणि दरवर्षी किती लाख पिल्ले सोडली हा आकडा जाहीर करता येतो. परंतु सोडलेल्या पिल्लांचा आकडा हा केवळ खर्चाचा हिशेब असतो. नदीतल्या खडीत जन्मलेले मासे समुद्रातून परत येऊन त्याच नदीत अंडी घालू लागले आणि त्यांची संख्या हॅचरीच्या आधाराशिवाय टिकली, तरच चढण उभी राहिली असे म्हणता येते; आणि तसे झाले की नाही हे मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून या लेखात हॅचरीचे तंत्र आणि मोजणीचे तंत्र वेगवेगळे न मांडता, प्रत्यक्ष काम ज्या क्रमाने करावे लागते त्या क्रमाने ते एकत्र मांडले आहे. मांडणी प्रामुख्याने पॅसिफिक महासागराला मिळणाऱ्या नद्यांतील चिनूक, कोहो, सॉकाय, चम आणि स्टीलहेड या जातींना धरून आहे.

पहिला टप्पा : अडचण नेमकी कुठे आहे ते शोधणे

हॅचरी माशाच्या आयुष्यातील एकच टप्पा बदलते. नदीत घातलेल्या अंड्यांपैकी बहुसंख्य समुद्राकडे निघण्याआधीच नष्ट होतात, तर नीट चालवलेल्या हॅचरीत त्यांतील बहुतांश जगतात. पिल्लू सोडल्यानंतर मात्र त्याला तीच नदी, तीच धरणे, तीच खाडी आणि तोच समुद्र पार करावा लागतो. त्यामुळे मासे कमी होण्याचे कारण अंडी आणि पिल्लांच्या अवस्थेत नसेल, तर हॅचरी ते कारण दूर करू शकत नाही. थेम्स नदीत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक वर्षे अटलांटिक सॅल्मनची पिल्ले सोडली गेली; पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात असे दिसले की नदीत आढळणारे मासे मुख्यतः दक्षिण इंग्लंडमधील जवळच्या नद्यांतून आपणहून आलेले होते.

अडचण शोधण्यासाठी किमान चार गोष्टी मोजाव्यात: परत येणारे प्रौढ मासे, मादीने शेपटीने खडी उकरून केलेले अंड्यांचे खळगे, समुद्राकडे निघालेली पिल्ले म्हणजे स्मोल्ट, आणि वर्षभराचे पाण्याचे तापमान. स्मोल्ट मोजण्यासाठी प्रवाहाच्या जोरावर फिरणारा शंकूच्या आकाराचा तरंगता सापळा, म्हणजे रोटरी स्क्रू ट्रॅप, वापरला जातो. हा सापळा नदीतील सगळी पिल्ले पकडत नाही, म्हणून त्याची क्षमता वारंवार तपासावी लागते. समजा, ५०० पिल्लांवर खूण करून ती सापळ्याच्या वरच्या बाजूला सोडली आणि त्यांतील ४० पुन्हा सापडली, तर त्या दिवसांतील क्षमता ८ टक्के झाली; याच काळात खूण नसलेली २,००० पिल्ले सापडली असतील, तर सुमारे २५,००० पिल्ले खाली गेली असा अंदाज निघतो. पाण्याची पातळी बदलली की क्षमता बदलते, आणि ती पुन्हा न तपासता जुन्याच टक्केवारीवर वर्षभराचा अंदाज काढणे हा या कामातला सर्वांत सामान्य दोष आहे.

या आकड्यांतून दोन गुणोत्तरे काढावीत. दर मादीमागे किती स्मोल्ट निघाले हे नदीची स्थिती सांगते, आणि दर शंभर स्मोल्टमागे किती प्रौढ परतले हे धरणे, खाडी आणि समुद्र यांची स्थिती सांगते. अमेरिकेच्या वायव्येकडील कोलंबिया नदीच्या खोऱ्यात दुसऱ्या गुणोत्तराचे उद्दिष्ट २ ते ६ टक्के, सरासरी ४ टक्के, असे ठरवलेले आहे. पहिले गुणोत्तर चांगले आणि दुसरे वाईट असेल, तर पैसा हॅचरीपेक्षा धरणावरील वाट, पाण्याचा विसर्ग आणि मासेमारीचे नियम यांवर खर्च करणे शहाणपणाचे ठरते. कोहोच्या बाबतीत तर शहरी ओढ्यांत प्रौढ मासे अंडी घालण्याआधीच का मरतात याचे कारण २०२० मध्ये उघड झाले: टायरच्या रबरातील रसायनापासून तयार होणारे ६पीपीडी-क्विनोन पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरते. अशा ओढ्यात कितीही पिल्ले सोडली तरी मूळ प्रश्न तसाच राहतो.

ही मोजणी माशाच्या एका पूर्ण पिढीभर, म्हणजे चिनूकसाठी चार-पाच वर्षे, चालावी. अपवाद एकच: संपूर्ण वाण नष्ट होण्याच्या बेतात असेल तर थांबता येत नाही. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील रेडफिश सरोवरात १९९२ मध्ये एकच सॉकाय नर परतला होता. हे सरोवर ज्या खोऱ्यात आहे त्या स्नेक नदीच्या सॉकायला १९९१ मध्येच धोक्यातील जात म्हणून संरक्षण मिळाले होते आणि उरलेसुरले मासे बंदिस्त जागेत वाढवून वाण राखण्याचे कामही त्याच वर्षी सुरू झाले होते. ते झाले नसते तर समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर आत आणि जवळपास २,००० मीटर उंचीवर चढणारे हे मासे आज अस्तित्वात नसते. २०१४ मध्ये सुमारे १,५०० सॉकाय त्या खोऱ्यात परतले.

दुसरा टप्पा : हेतू आणि थांबण्याची अट लेखी ठरवणे

हॅचरीचे हेतू दोन असतात आणि त्यांची सरमिसळ घातक असते. मासेमारीसाठी मासे पुरवणे हा एक हेतू असून, अशा हॅचरीतील मासे नदीतील नैसर्गिक माशांपासून शक्य तितके वेगळे ठेवावे लागतात. नैसर्गिक चढण सावरणे हा दुसरा हेतू असून, त्यात उलट नदीतील मासे दरवर्षी हॅचरीच्या प्रजनकांत, म्हणजे अंडी आणि वीर्य घेण्यासाठी ठेवलेल्या माशांत, मिसळावे लागतात, म्हणजे मासे हॅचरीच्या टाकीशी जुळवून न घेता नदीशीच जुळलेले राहतात. हा लेख दुसऱ्या हेतूविषयी आहे.

वाण जपणे, मोकळ्या झालेल्या प्रदेशात मासे पसरू देणे, त्यांना स्थानिक परिस्थितीशी जुळू देणे आणि अखेर पूर्ण स्वावलंबन, अशा चार अवस्था आखून प्रत्येक अवस्थेतून पुढच्या अवस्थेत जाण्याची संख्यात्मक अट आधीच लिहून ठेवावी. वॉशिंग्टन राज्यातील एल्वा नदीवर याच पद्धतीने नियोजन झाले. तेथील दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात काढली गेली. धरणांमागे साठलेला गाळ खाली उतरत असताना नदीतील मासे पूर्ण नष्ट होऊ नयेत म्हणून हॅचरीचा आश्रयस्थानासारखा उपयोग केला गेला, आणि २०११ पासून नदीत मासेमारीही बंद ठेवली गेली. हॅचरीच्या जोडीला अडथळा काढणे आणि मासेमारी थांबवणे ही दोन्ही पावले होती, हे येथे विसरू नये.

अट लिहिण्याचा आग्रह मी एवढ्यासाठी धरतो की एकदा इमारत उभी राहिली, नोकऱ्या निर्माण झाल्या आणि मासेमारी तिच्यावर अवलंबून झाली, की थांबण्याचा निर्णय घेणे कोणालाच सोपे राहत नाही. अमेरिकेत संरक्षित जातींसाठी हॅचरी व जनुकीय व्यवस्थापन आराखडा नोआ फिशरीज या संघीय संस्थेला सादर करावा लागतो. ही अट त्या आराखड्यातच घालावी. वॉशिंग्टन राज्यात १९७४ च्या बोल्ट निकालाने मूळनिवासी जमातींचा पकडता येण्याजोग्या माशांतील निम्मा वाटा मान्य झाला आणि त्या नदी-व्यवस्थापनात भागीदार झाल्या. म्हणून आराखडा त्यांच्यासह पहिल्या बैठकीपासून तयार व्हायला हवा.

तिसरा टप्पा : प्रजनक मासे निवडणे

प्रजनक त्याच नदीतून आणि शक्यतो त्याच उपनदीतून घ्यावेत. दुसऱ्या नदीचे मासे सहज मिळतात, पण चढण्याची वेळ, अंडी घालण्याची वेळ आणि रोगांशी झुंजण्याची क्षमता या गोष्टी पिढ्यान् पिढ्या त्या त्या नदीत घडलेल्या असतात. चढणीच्या संपूर्ण हंगामातून, आलेल्या माशांच्या प्रमाणात, प्रजनक घ्यावेत. हंगामाच्या सुरुवातीलाच टाक्या भरून टाकल्या तर काही पिढ्यांत संपूर्ण चढण लवकर येऊ लागते आणि उशिरा येणारे वाण हरवते. मोठे आणि देखणे मासे निवडण्याचा मोह टाळावा. लहान वयात परतणारे छोटे नर, ज्यांना जॅक म्हणतात, तेही थोड्या प्रमाणात घ्यावेत, कारण नदीतही ते प्रजननात भाग घेतात.

नर आणि मादी यांची संख्या शक्य तितकी समान ठेवावी. जनुकीय दृष्टीने प्रभावी संख्या काढण्यासाठी नर आणि माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार करून त्याची चौपट करावी आणि तिला दोहोंच्या बेरजेने भागावे. १० नर आणि ९० माद्या असतील, तर मासे शंभर असूनही प्रभावी संख्या ३६ भरते.

नदीचा प्रभाव किती आणि हॅचरीचा किती, हे पाहण्यासाठी पीएनआय हे गुणोत्तर वापरतात. प्रजनकांत नदीत जन्मलेल्या माशांचा वाटा घ्यावा, नदीत अंडी घालणाऱ्यांत हॅचरीत जन्मलेल्यांचा वाटा घ्यावा, आणि पहिल्याला दोहोंच्या बेरजेने भागावे. प्रजनकांतील ८० टक्के मासे नदीतले आणि नदीत अंडी घालणाऱ्यांतील ३० टक्के मासे हॅचरीतले असतील, तर ०.८ भागिले १.१ म्हणजे सुमारे ०.७३ येते. कोलंबिया खोऱ्यातील हॅचरींचे परीक्षण करणाऱ्या वैज्ञानिक गटाने महत्त्वाच्या नैसर्गिक समूहांसाठी हे गुणोत्तर किमान ०.६७ असावे अशी शिफारस केली आहे. मासे फारच थोडे असताना ते पाळता येत नाही, हे खरे. पण संख्या वाढू लागताच त्याकडे सरकलेच पाहिजे.

चौथा टप्पा : फलन आणि उबवण

अनेक नरांचे वीर्य एका भांड्यात एकत्र करून अंड्यांवर ओतण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी, कारण त्यात एक-दोन नरांचेच वीर्य बहुतेक अंडी फलित करते. प्रत्येक मादीची अंडी दोन किंवा अधिक भागांत विभागून प्रत्येक भागाला वेगळा नर द्यावा, आणि प्रत्येक जोडीची नोंद ठेवावी. प्रत्येक प्रजनकाच्या पराचा छोटा तुकडा जनुकीय तपासणीसाठी राखून ठेवावा. त्याचे महत्त्व पुढे खुणांच्या टप्प्यात येईल.

फलित अंडी आयोडोफोर या आयोडीनयुक्त जंतुनाशकाच्या द्रावणात निर्जंतुक केली जातात. १०० पीपीएम (दशलक्ष भागांत १०० भाग) तीव्रता आणि किमान दहा मिनिटे हे नेहमीचे प्रमाण आहे. याने अंड्यावरचे जंतू मरतात, आतले मरत नाहीत. मूत्रपिंडाला होणारा बीकेडी हा जिवाणूजन्य रोग मादीकडून अंड्याच्या आतूनच पिल्लात जातो, म्हणून प्रत्येक मादीची एलायझा ही प्रयोगशाळेतील तपासणी करून जास्त बाधित माद्यांची अंडी वेगळी काढावी लागतात. कॅलिफोर्नियातील हॅचरींत २०२० मध्ये चिनूकची पिल्ले गोल गोल फिरत मरू लागली, तेव्हा कारण रोगजंतूचे निघाले नाही, तर माद्यांतील थायमिनच्या, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाच्या, कमतरतेचे निघाले. अँचोव्ही या छोट्या समुद्री माशांवर जास्त अवलंबून असलेल्या आहाराशी तिचा संबंध जोडला गेला, आणि थायमिनच्या उपचाराने पिल्ले वाचवता आली. पिल्लांच्या वागण्याची रोजची नोंद का ठेवावी, याचे हे चांगले उदाहरण आहे.

उबवणीचा हिशेब अंश-दिवसांत करावा, म्हणजे रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज करत जावी. चिनूकच्या अंड्यात साधारण २५० अंश-दिवसांच्या सुमारास डोळे दिसू लागतात, ५०० च्या आसपास अंडी फुटतात, आणि ९०० ते १,००० च्या दरम्यान पिल्ले पोटाखालची बलकाची पिशवी संपवून खाऊ लागतात. फलनानंतरचे पहिले एक-दोन दिवस संपले की डोळे दिसेपर्यंत अंड्यांना हात लावू नये. त्या काळात ती हादऱ्याने मरतात. अंधार, स्वच्छ थंड पाणी, आणि पाणी थांबल्यास रात्रीही वाजणारी धोक्याची घंटा या तिन्ही गोष्टी हव्यातच.

पाचवा टप्पा : वाढवणे

येथे थोडक्यात एवढेच सांगणे पुरे की टाकीत गर्दी कमी असावी, प्राणवायू विपुल असावा आणि खाद्य मोजून द्यावे. पिल्लू जितके मोठे तितके बरे, हा समज पूर्ण खरा नाही. फार वेगाने वाढवलेल्या चिनूकमधील बरेच नर समुद्रात न जाताच किंवा एकाच वर्षात परतून लहान वयात प्रौढ होतात, आणि मोठी पिल्ले सोडल्याचा फायदा त्यात निघून जातो. नदीतील पिल्लांच्या वाढीचा वेग सापळ्यातून कळतोच. हॅचरीतील वाढ त्याच्या जवळपास ठेवावी.

सहावा टप्पा : प्रत्येक माशावर खूण

माझ्या मते संपूर्ण कामात याहून महत्त्वाचा टप्पा नाही. खूण नसलेले पिल्लू नदीत गेले की ते हॅचरीचे की नदीचे हे परत आल्यावर सांगता येत नाही, आणि मग वाढलेला प्रत्येक आकडा संशयास्पद होतो: नदी सावरली की आपण फक्त अधिक पिल्ले ओतली, याचे उत्तरच उरत नाही. म्हणून शंभर टक्के माशांवर खूण करण्याइतका निधी नसेल, तर खूण करता येईल तेवढीच पिल्ले वाढवावीत.

सर्वांत स्वस्त खूण म्हणजे पाठीवर शेपटीजवळ असणारा लहान मांसल पर कापणे. तो पुन्हा वाढत नाही आणि दुरूनही ओळखू येतो. पण ज्या भागात पर कापलेलेच मासे पकडण्याची मुभा असते, तेथे जतनासाठी वाढवलेल्या माशांचा पर कापू नये, नाहीतर तेच आधी पकडले जातात. त्यांच्या नाकात सांकेतिक तारेचा तुकडा घालावा. हा तुकडा सुमारे १.१ मिलिमीटर लांब असतो, यंत्राने ओळखता येतो, आणि मृत माशाच्या डोक्यातून काढून सूक्ष्मदर्शकाखाली वाचल्यावर मासा कोणत्या गटातला होता ते सांगतो.

पिट टॅग, म्हणजे माशाच्या शरीरात बसवायची सूक्ष्म चिप, मात्र प्रत्येक माशाला स्वतंत्र क्रमांक देतो. त्याला बॅटरी नसते. अँटेनाजवळून मासा गेला की क्रमांक उमटतो, आणि तो माशाच्या आयुष्यभर चालतो. नेहमीचा १२ मिलिमीटरचा टॅग साधारण ६५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या पिल्लांनाच बसवावा. खर्च जास्त असल्याने सगळ्यांना तो बसवता येत नाही, पण प्रत्येक गटातील काही हजार पिल्लांना बसवला तर धरणागणिक जगण्याचे प्रमाण कळते. चम आणि पिंक या जातींच्या अगदी लहान असतानाच सोडल्या जाणाऱ्या पिल्लांसाठी उबवणीच्या पाण्याचे तापमान ठरावीक क्रमाने कमी-जास्त करून कानातील ओटोलिथ या खड्यावर वलयांचा नमुना उमटवतात. आणि आधी राखून ठेवलेल्या परांच्या तुकड्यांमुळे परतलेल्या कोणत्याही माशाचे आई-वडील जनुकीय तपासणीने ओळखता येतात. ही खूण गळून पडत नाही आणि प्रत्येक पिल्लाला हातही लावावा लागत नाही. सोडण्याआधी प्रत्येक गटाचा नमुना तपासून किती खुणा गळाल्या ते अवश्य नोंदवावे, कारण पुढचा सगळा हिशेब त्या टक्केवारीने दुरुस्त करायचा असतो.

सातवा टप्पा : सोडणे

सॅल्मन नदीची वाट वासावरून ओळखतो, आणि तो वास समुद्राकडे निघण्याच्या सुमारास मनावर ठसतो. म्हणून पिल्ले सोडण्याआधी काही आठवडे त्याच उपनदीच्या पाण्यावर चालणाऱ्या तळ्यात ठेवावीत आणि दार उघडून त्यांना त्यांच्या वेळेने जाऊ द्यावे. कॅलिफोर्नियात चिनूकची पिल्ले टँकरने थेट खाडीपर्यंत नेल्यामुळे अधिक जगली, पण परत येताना ती चुकून अन्य नद्यांत मोठ्या प्रमाणात शिरली. दुष्काळाच्या वर्षी तो मार्ग क्षम्य असेल. जतनाच्या कामात तो नेहमीचा होऊ देऊ नये.

पाण्याच्या तापमानाइतकाच क्षारांचाही मेळ पाहावा. रेडफिश सरोवराच्या सॉकायसाठी २०१३ मध्ये आयडाहोतील स्प्रिंगफील्ड येथे नवी हॅचरी उभी राहिली, पण तेथून सोडलेली पिल्ले सुरुवातीला मोठ्या प्रमाणात मेली. हॅचरीच्या पाण्यात क्षार जास्त होते आणि ओढ्याच्या पाण्यात फारच कमी. अचानक बदल त्यांना सोसला नाही. मधल्या क्षारप्रमाणाच्या पाण्यात काही काळ ठेवून मग सोडल्यावर परिस्थिती सुधारली. पिट टॅग नसते, तर ही पिल्ले ओढ्यात मेली की धरणांवर, हे कळायला किती वर्षे गेली असती याचा विचार करावा.

आठवा टप्पा : परतणाऱ्यांची मोजणी

प्रौढ मासे मोजण्याची जागा नदीनुसार ठरते. धरणावर काचेच्या खिडकीतून मोजता येते. बॉनेव्हिल धरणावर १९३८ पासून तशी मोजणी चालू आहे. लहान नदीत प्रवाहाच्या आडवे गजांचे कुंपण घालून मासे एका पेटीतून सोडता येतात, आणि तेथेच हॅचरीच्या माशांपैकी किती वर जाऊ द्यायचे हेही ठरवता येते. गढूळ नदीत ध्वनिलहरींनी मासे टिपणारे सोनार यंत्र उपयोगी पडते, पण ते माशाची जात सांगत नाही, म्हणून जोडीला जाळ्याचे नमुने लागतात.

याशिवाय अंडी घालण्याच्या काळात दर आठवड्याला नदीकाठाने चालत खळगे मोजावेत आणि मेलेले मासे तपासावेत. प्रत्येक मृत माशाची लांबी, लिंग, खूण आणि वयासाठी खवले यांची नोंद घ्यावी, मादीच्या पोटात अंडी उरली आहेत का ते पाहावे, आणि पुन्हा मोजला जाऊ नये म्हणून शेपटी कापावी. अंडी न घालताच मेलेल्या माद्या जास्त आढळल्या, तर पाणी तापले आहे किंवा रोग आहे असे समजून तापमानाच्या नोंदी लगेच पाहाव्यात. २०१५ च्या उन्हाळ्यात कोलंबिया खोऱ्यातील पाणी इतके तापले की सुमारे अडीच लाख सॉकाय वाटेतच मेले. तापमानाची नोंद नसती, तर दोष हॅचरीवर आला असता.

शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण आहे: नदीत अंडी घालणाऱ्या हॅचरीच्या माशांना नदीतल्या माशांइतकी संतती होते का? ऑरेगॉनमधील हूड नदीच्या स्टीलहेडवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हॅचरीत गेलेल्या प्रत्येक पिढीमागे प्रजननक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. उलट आयडाहोतील जॉन्सन क्रीकमध्ये प्रजनक म्हणून केवळ नदीत जन्मलेलेच चिनूक वापरले गेले, आणि २०१२ च्या अभ्यासात संख्या वाढूनही क्षमतेवर फारच थोडा परिणाम आढळला. जाती वेगळ्या आणि पद्धतीही वेगळ्या, म्हणून आपल्या नदीचे उत्तर आपल्यालाच जनुकीय वंशावळीतून काढावे लागते. त्यासोबत हॅचरी नसलेल्या एक-दोन शेजारच्या नद्याही तशाच मोजाव्यात. समुद्राची चांगली वर्षे आली की सगळ्याच नद्यांत मासे वाढतात, आणि तुलना नसेल तर ते श्रेय हॅचरीला जाते.

नववा टप्पा : दरवर्षीचा निर्णय आणि माघार

हंगाम संपल्यावर दरवर्षी ठरावीक महिन्यात सर्व भागीदारांनी बसून पुढील वर्षाचे तीन आकडे ठरवावेत: नदीतून किती प्रजनक घ्यायचे, किती पिल्ले सोडायची आणि हॅचरीचे किती प्रौढ वर जाऊ द्यायचे. हे आकडे त्या वर्षी परतलेल्या नैसर्गिक माशांच्या संख्येनुसार सरकते ठेवावेत; मासे वाढले की प्रजनकांतील नदीच्या माशांचा वाटा वाढवावा आणि वर जाऊ देण्याच्या हॅचरीच्या माशांचा वाटा घटवावा. लेखी अट सलग काही वर्षे, वाईट समुद्री वर्षे धरून, पूर्ण झाली की सोडण्याची संख्या पायरीपायरीने कमी करावी. शेवटचा गट सोडल्यानंतर सापळा, कुंपण आणि मृत माशांची तपासणी किमान दोन पिढ्या, म्हणजे चिनूकसाठी आठ ते दहा वर्षे, चालू ठेवावी. त्यासाठीचा निधी हॅचरीच्या चालू अंदाजपत्रकातून न घेता पहिल्याच वर्षी वेगळा बांधून ठेवावा.